अर्धा इंच ढगळ

बोलता बोलता लॅपटॉप गेला. आचका नाही, उचकी नाही, "निघतो हं" नाही; गेलाच. ठमी तेव्हा बाहीबद्दल बोलत होती. मुंढा, म्हणजे बाही बसते ती काखेतली गोलाई, इतका खोल घेतला तर हात वर केल्यावर अख्खा कोट वर चढेल, माणूस बसमधली दांडी धरायला जाईल आणि कॉलर त्याच्या कानाला लागेल, असं ती पडद्यावरच्या, कंपनीतल्या मॅडमना पटवून देत होती. पटत आलंही होतं. आणि मग समोर मॅडम नव्हत्या, काळी काच होती, आणि काचेत दांडी धरल्यासारखा वर गेलेला ठमीचा स्वतःचाच हात होता. वाक्य मात्र लगेच थांबलं नाही. ते आपलं तसंच पुढे गेलं, आणि ऐकणारं कोणी नाही हे लक्षात आल्यावर ओशाळून गप्प झालं.

ठमी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं आणि कंपनीतले लोक ते अदबीनं घेत. पण पन्नाशीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या या बाईला तिचे वडील ठमी म्हणत, त्यांचं ऐकून नवरा म्हणायला लागला, तेव्हा आपण तरी वेगळं कशाला म्हणायचं? कपड्यांचे फरमे काढणं हा तिचा धंदा. कोट, शर्ट, शाळेचे गणवेश. कंपनी कुठेतरी लांब ते शिवत असे, आणि ठमी इथे आपल्या घरात, मागच्या खोलीत, कागदावर त्यांचे गळे, बाह्या, पाठी काढत असे. खिडकीशी टेबल, टेबलाखाली खाकी कागदाच्या गुंडाळ्या, भिंतीला टेकून पुस्तकांचं कपाट. हे तिचं ऑफिस. आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याच खोलीत, दाराकडच्या अंगाला, नानांचा पलंग. नाना म्हणजे तिचे वडील. आई गेल्यावर एकटे राहत होते तोवर राहिले. मग एकदा दाराची घंटा वाजत राहिली, शेजारी दार बडवत राहिले, कुलूप तोडायला माणूस आला, आणि नाना आत निवांत पेपर वाचत बसलेले. तेव्हा ठमी गेली आणि त्यांना पलंगासकट उचलून घेऊन आली.

तर ती टेबलाखाली वाकली. एक्स्टेंशनची पट्टी नेहमीप्रमाणे गच्च भरलेली, वायरींचा नुसता गुंता, आणि लॅपटॉपचा प्लग जमिनीवर आडवा पडलेला. लॅपटॉपची म्हातारी बॅटरी प्लगशिवाय दोन-चार मिनिटंच तग धरत असे. त्याच्या जागी दुसरीच एक बारीक पांढरी वायर. ती टेबलाच्या पायावरून, कागदांवरून, तिच्या चपलेवरून जात जात पलंगापर्यंत पोचलेली, आणि पलंगावर नानांच्या मांडीवर डबी. नानांच्या कानाच्या मशीनची डबी. रिकामी जागा दिसेना म्हणून त्यांनी एक प्लग काढला होता आणि आपला लावला होता. "नाना, अहो काय हे!" ठमी म्हणाली. एवढंच म्हणाली. मशीनं डबीत म्हणजे कानात काही नाही. नानांना ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, जमिनीवरच्या प्लगकडे पाहिलं, काळ्या काचेकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा पडला, असा पडला, की ठमीनं घाईघाईनं हात हलवून "काही नाही, काही नाही" केलं, प्लग लावला आणि पुन्हा मॅडमना गाठलं.

संध्याकाळी डबी दिसेना. टेबलावर नाही, पलंगावर नाही. जेवताना नवरा दुकानातली गंमत सांगत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान. एक गिऱ्हाईक म्हणे नवा चष्मा लावून घरी गेलं आणि परत येऊन तक्रार करायला लागलं, की आता बायको स्पष्ट दिसते. ठमी हसली, आणि तिच्या हसण्याकडे बघून, जरा उशिरानं, नाना हसले. तो उशीर तिला टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळीही कान रिकामे. तिनं आपल्या कानाला बोट लावून भुवया उंचावल्या. "नको," नाना म्हणाले, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "ठीक आहे माझं. आता काय ऐकायचं राहिलंय?" डबी खणात गेली होती, रुमालांच्या खाली. नंतर ठमीनं बाहेर काढून ठेवली, तर नानांनी गुपचूप पुन्हा खणात ठेवली. तिनं पुन्हा काढली. ती पुन्हा आत. भांडण नाही, शब्द नाही. दोघंही एकमेकांशी अतिशय चांगलं वागत होते, आणि तेच भयंकर होतं.

कान तपासणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मशीनं रोज घालायची. कंटाळा आला तरी, कान दुखला तरी. सोडली की डोकंच ऐकायचं विसरून जातं, आणि मग मशीनं घातली तरी नुसता गलका कळतो, बोलणं कळत नाही. ठमीला हे वाक्य भांडी विसळताना आठवे, कागद कापताना आठवे. नाना तिथे, हाताच्या अंतरावर, पेपर धरून बसलेले असत, आणि आत कुठेतरी त्यांचं डोकं एकेक आवाज विसरून चाललेलं असे. आज नळ गेला असेल. आज दार. उद्या मी जाईन. नवऱ्याचा आवाज गेला तर एक वेळ चालेल, असाही एक दुष्ट विचार येऊन गेला, आणि तिचं तिलाच हसू आलं.

कारण ऐकणं हाच तर नानांचा धंदा. टेलिफोन एक्स्चेंजात ते ऑपरेटर होते. माणसानं फोन उचलला की बोर्डावर दिवा लागायचा, मग तार उचलायची, भोकात खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं, आणि या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला आपल्या हातानं जोडून द्यायचा. पाळीत सगळ्या बायका आणि पुरुष हे एकटेच. बायका त्यांना "एकुलते" म्हणत. ठमीची आई दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजात होती. दोघांनी एकमेकांची तोंडं पाहायच्या आधी बराच काळ ती दोघं एकमेकांशी नुसती आकड्यांत बोलत होती. "तुझी आई चार हा आकडा असा म्हणायची," नाना सांगत, "की मला वाटायचं, गावातल्या सगळ्यांचेच नंबर चारनं सुरू व्हावेत." आणि आई आतून ओरडायची, "मुलीला काय सांगायचं याचा काही पाचपोच?" ठमी शाळेत असताना वह्या-पेन्सिलींच्या दुकानात जायची, दुकानदाराला मस्का लावायची, आणि फोन उचलायची. "नंबर सांगा," नानांचा आवाज यायचा; घरचा नाही, ऑफिसचा, इस्त्री केलेला. ठमी वाट्टेल तो नंबर सांगायची. पलीकडे जरा शांतता. मग तोच इस्त्रीचा आवाज म्हणायचा, "हा नंबर सध्या अभ्यासाला बसलेला आहे. नसल्यास बसवावा." दुकानात उभ्या उभ्या तिला इतका आनंद व्हायचा की पायात चप्पल राहायची नाही. सबंध गाव त्या आवाजाचं होतं आणि तो आवाज तिचा होता.

आणि अशा माणसाला मी "अहो काय हे" म्हटलं. ठमी ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटून पाहत होती, शिवणीत कुठे सुरकुती राहिली ते पाहावं तसं. शब्द तर साधेच. आवाज? आवाज त्यांना पोचलाच नाही. म्हणजे त्यांना पोचला तो चेहरा. मग माझा चेहरा कसा होता तेव्हा? हे काही केल्या आठवेना. आपला चेहरा आपल्याकडे कधी नसतोच. तो सगळा समोरच्याकडे असतो. एकदा ती न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिली आणि तोंड वर करून म्हणाली, "अहो काय हे!" वाईट वाटलं. थोडं सौम्य करून म्हणाली, "अहो काय हे?" हे तर फारच वाईट, कारण यात नुसती कीव होती. ती तिसऱ्यांदा म्हणणार, तेवढ्यात दारातून नवरा म्हणाला, "काय केलं मी?" तो दाढीचं सामान घेऊन उभा होता आणि खरोखर घाबरला होता.

त्याला तिनं सगळं सांगितलं. तो टबाच्या काठावर बसला, तोंडाला फेस लावलेला, आणि ऐकत राहिला. "अगं, पण चूक कोणाची?" तो म्हणाला. "त्या पट्टीत सहा वायरी आहेत आणि सहाच्या सहा काळ्या. परवा मी फोन लावायला गेलो आणि तुझा टेबलावरचा दिवा चार्ज करत बसलो." ती हसली, आणि हसता हसता तिला दिसलं. रोजच समोर होतं, पण आत्ता दिसलं. घरात सगळ्यांच्या वायरींना ठरलेली जागा होती. गचाळ का होईना, होती. तिचा लॅपटॉप, तिचा फोन, फरमे काढायची डिजिटल पाटी, नवऱ्याचा फोन. नानांच्या डबीला नव्हती. ती आपली कुठेही, कोणाला तरी उठवून बसायची. आणि माणसाला आपल्यासाठी दुसऱ्याला उठवायची वेळ रोज आली, की माणूस एक दिवस म्हणतो, नको, ठीक आहे माझं. ठमीनं नवऱ्याचा फेसाळलेला गाल चटकन दाबला. "मी बोर्ड करणार आहे," ती म्हणाली. "भिंतीवर. प्रत्येकाला आपला कप्पा, आपली वायर. कोणी कोणाला उठवायचं नाही."

"मिळतात की असले स्टँड विकत."

"रेडीमेड?" ठमी म्हणाली. जिच्या फरम्यावर हजारो रेडीमेड कोट निघतात, त्या बाईनं तो शब्द असं तोंड वाकडं करून उच्चारला, की नवरा मुकाट्यानं दाढी करायला लागला.

लाकडाचं काम तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण माप घेणं तर येत होतं! तिनं टेप गळ्यात टाकला आणि फोनची मापं घ्यायला बसली. फोनला खांदे नसतात हे किती सोयीचं, तिच्या मनात आलं. पोट नसतं, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब नसतो, आणि माप घेताना कोणी श्वास रोखून बारीक व्हायला बघत नाही. पाटीची उंची, फोनची जाडी, वायर खालून येणार म्हणजे बुडाशी भोक. एकच सहा तोंडांचा चार्जर फळीच्या मागे, त्यातून सहा छोट्या वायरी पुढे, आणि भिंतीच्या सॉकेटात जाणारा प्लग एकच. खाकी कागद टेबलावर पसरला तेव्हा त्याचा तो कोरडा, जरा गोड वास आला, आणि कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, की आज काम नसूनही काम आहे. किती मजा! कंपनीसाठी नाही, मॅडमसाठी नाही, कोणीतरी अनोळखी माणूस अंगात घालील म्हणून नाही. तिचा हात सुटला. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये भिंतीची एक उभी पट्टी रिकामी होती. तिचं माप घेतलं, फळी काढली, फळीवर दोन मजले, वरच्या मजल्यावर चार खाचा, खालच्यावर दोन. खालची डावीकडची डबीची. ती खाच काढताना तिनं खडूला नवं टोक केलं. नाना पेपरच्या वरून बघत होते. ती बघेल असं वाटलं की पेपर वर जाई.

लाकडाच्या दुकानातला माणूस फरमा बघून जरा बुचकळ्यात पडला. त्याच्याकडे लोक मापं सांगत, किंवा बोटांनी दाखवत. पूर्ण कागद कापून, त्याला नावं घालून, बाणांनी दिशा दाखवून कोणी आणत नसे. "बाहेरच्या रेघेवर कापू ना?" त्यानं विचारलं. "मग कुठे?" ठमी म्हणाली. करवतीच्या यंत्राचा आवाज मोठा होता आणि भुशाचा वास उबदार होता, आणि पिवळ्या प्रकाशात प्लायवूडचे तुकडे एकेक वेगळे होत असताना ती इतकी हरखून गेली, की पिशवीत ठेवायचं सोडून ते तुकडे तिनं रस्त्यानं हातात धरूनच आणले. लोक बघत होते. बघेनात का.

घरी येऊन तिनं कडा पॉलिश पेपरनं घासल्या, खाचांचे मजले फळीला जोडले, सगळं नीट उभं केलं, आणि ती फळी उचलून खिडकी आणि कपाटाच्या मधल्या जागेत घालायला गेली. जाईना. तिरकी करून पाहिली. जाईना. जरा ढकलून पाहिली. कापड असतं तर गेलं असतं. तिनं टेप लावला. फळी एका बाजूला अर्धा इंच जास्त, दुसऱ्या बाजूला अर्धा इंच जास्त. वर अर्धा, खाली अर्धा. खाचा? फोन खाचेत ठेवला, तो मोठ्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखा एका अंगाला कलंडला. खाचसुद्धा अर्धा इंच ढगळ. आणि मग ठमीला कळलं आणि ती फळीसकट जमिनीवरच बसली. इतक्या वर्षांत तिनं एकही फरमा असा काढला नव्हता, की ज्याला मापाच्या रेघेबाहेर अर्धा इंच शिलाईसाठी सोडलेला नाही. ते ती ठरवून करतच नसे. हात करत असे. हातानं फळीलाही सोडला होता, मजल्यांनाही सोडला होता, एकेका खाचेला चहूबाजूंनी सोडला होता, सुबक, एकसारखा. आणि त्या शहाण्या माणसानं विचारलंसुद्धा होतं, बाहेरच्या रेघेवर कापू ना! तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो.

नानांना ते हसू की रडू, कळेना. ते पलंगावरून उठले, गुडघ्यांवर हात ठेवत तिच्याजवळ आले. "काय झालं? लागलं का?" तिनं मान हलवली. तिनं फळीची कड दाखवली, चिमटीत अर्धा इंच धरून दाखवला, मग हवेत सुई घालून शिलाई मारून दाखवली. नाना क्षणभर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "लाकडाला शिलाई घालणार होतीस?" ते ओरडले. "अगं ठमे! लाकडाला?" आणि ते असे गडगडून हसले, की वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. त्या दिवसापासूनचं हे त्यांचं पहिलं हसू. ते तिच्या हसण्याकडे बघून आलेलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, आणि बिलकूल उशिरा आलेलं नव्हतं.

मग त्यांनी फळी हातात घेतली. उलटसुलट केली, मागची वायरींची भोकं बोटानं चाचपली, आणि ती घेऊन पलंगाकडे गेले. पलंग आणि टेबल यांच्यामधल्या भिंतीला त्यांनी ती लावून धरली. तिथे जागा हवी तेवढी होती, ठमीनं ती कधी जागा म्हणून पाहिलीच नव्हती. ते बसले. हात लांब केला. फळी जरा खाली घेतली, पुन्हा हात लांब केला. "इथे," ते म्हणाले. "बोर्ड बसल्या जागी हाताला आला पाहिजे. उभ्यानं बोर्ड चालवायचा तर पाळी संपेतो कंबर जाते. तू खुर्चीत बस. बघ, तुझाही हात पोचतो." पोचत होता. तिनं खडूनं भिंतीवर खुणा केल्या. नाना फळी धरून होते, आणि तसेच, तिच्याकडे न बघता, त्या रिकाम्या खाचांकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी चालू लाइन तोडली, ठमे."

तिचा खडू थांबला. नाना आपल्या मोठ्या आवाजात बोलत राहिले. "आमच्याकडे नियम होता. तार काढायच्या आधी लाइनवर जायचं आणि विचारायचं, झालं का बोलणं? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं. मगच तार काढायची. कोणाचा मुलगा लांबून बोलत असेल, कोणाचं लग्न ठरत असेल, आपल्याला काय माहीत? इतकी वर्षं बोर्डावर बसलो, पण एकही चालू लाइन माझ्या हातून तुटली नाही. बायकांच्या तुटायच्या, त्या रडायच्या, मी समजूत घालायचो. आणि त्या दिवशी तू बोलत होतीस. हात वर करून बोलत होतीस, मी समोर बसून बघत होतो, आणि तरी मी तार काढली. विचारलं नाही. म्हटलं, आता हा माणूस बोर्डाजवळ नको."

म्हणजे राग नव्हताच! ठमी भिंतीला टेकली. तो चेहरा, आरसा, ते एकच वाक्य शंभर तऱ्हांनी उलटून पाहणं, सगळं उगाच. नानांनी तिच्या चेहऱ्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी पाहिला होता तो जमिनीवरचा प्लग. तिला इतकं हलकं वाटलं की ते वाटणं कुठे ठेवावं कळेना. आणि सांगायचं तर होतं! घशापर्यंत आलेलं, तयार, गरम. ती बोलायला लागली, ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करून. नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग हसून मान हलवली. "नाही कळत गं." खडू हातात होता, भिंत समोर होती, लिहून दाखवता आलं असतं. पण असलं काही लिहून द्यायचं नसतं. लिहिलेल्याला आवाज नसतो, आणि तिच्याकडे जे होतं त्यातलं निम्मं आवाजात होतं. तिनं खण उघडला, रुमालांखालून डबी काढली, नानांच्या पुढ्यात धरली. डबीचा दिवा मेला होता. तिनं बोटानं आधी फळी दाखवली, मग डबी, मग आपलं तोंड. आधी हे, मग हे, मग मी बोलणार. नानांना ते बरोबर कळलं. त्यांनी स्क्रू मोजून तिच्या हातावर ठेवले.

ड्रिल नवऱ्यानं शेजारच्या दुकानातून मागून आणलं होतं, आणि ते आपणच चालवणार असा त्याचा हट्ट होता. "माझा धंदाच बारीक स्क्रूंचा आहे," तो म्हणाला, आणि पहिलं भोक खुणेच्या बरंच वर पडलं. "ते हवा खेळायला," तो म्हणाला. दुसरी मात्र जागेवर पडली. भिंतीची पांढरी भुकटी नानांच्या डोक्यावर सांडली. ते फळी सोडायला तयार नव्हते. भोकांत प्लास्टिकच्या खुंट्या, खुंट्यांत स्क्रू, मागे चार्जर, खाचांतून वायरी. वायरी कोणत्या कोणाच्या हे नानांनी ठरवलं: प्रत्येक वायरीच्या टोकाशी ठमीच्या डब्यातला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळला, घट्ट, जवळजवळ वेढे घालून, आणि टोक दातानं तोडलं. फोन आपापल्या ढगळ खाचांत कलंडून उभे राहिले. मग नानांनी आपली डबी घेतली. त्यांची बोटं आता थरथरत. तिला ते ठाऊक होतं, पण फरमा काढताना ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. नेमक्या मापाच्या खाचेत ती डबी त्यांना कधी बसवता आली नसती. डबी काठाला लागली, इकडे गेली, तिकडे गेली, आणि त्या जादा अर्ध्या इंचातून आत जाऊन बसली. नारिंगी दिवा लागला. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि चहा करायला गेला.

आता थांबायचं. दिवा हिरवा होईतो थांबायचं. ठमी टेबलाशी बसली, कारण नुसतं बसवत नव्हतं. राहिलेली बाही कागदावर होती; तिनं कात्री घेतली आणि रेघेवरून कापायला सुरुवात केली. दुपार उतरली होती, खिडकीतून ऊन टेबलावर आडवं आलं होतं, कागद कात्रीखाली कुरकुरत उघडत होता. सांगायचं ते तिनं तोंडात धरून ठेवलं होतं, लहानपणी गोळी गालात धरून ठेवावी तसं. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, नाना कुठे हसतील. एक बाही झाली. दुसरी घेतली. ती अगदी सुखात होती, आणि आपण सुखात आहोत हे तिच्या लक्षात नव्हतं. पाठीमागे काय चाललंय तेही नव्हतं.

"किती बेसूर!" कोणीतरी हळूच म्हणालं.

ती वळली. नाना पलंगावर बसले होते. समोर डबी उघडी, दिवा हिरवा, आणि दोन्ही कानांमागे मशीनं. ते ओरडले नव्हते. माणूस शेजारच्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात बोलले होते. "कोण बेसूर?" ती म्हणाली.

"तू. मघापासून गुणगुणतेयस."

"मी? मी कुठे गुणगुणते?"

"मग काय मी?" नाना म्हणाले. "ते राहू दे. तुझं काय ते सांग आधी. इतका वेळ तोंडात घेऊन बसलीयस."

ठमीनं कात्री ठेवली. तयार केलेलं सगळं वाक्य ती साफ विसरली होती. "नाना," ती म्हणाली, "त्या दिवशी लाइन तुटली ना, मी प्लग लावला, लॅपटॉप चालू केला, पुन्हा मॅडमना गाठलं. किती वेळ गेला असेल! आणि बघते तर मॅडम बोलतच होत्या. मी गेले होते हे त्यांना कळलंच नव्हतं. मला म्हणाल्या, तुमचं सगळं पटलं मला." तिला हसू आवरेना. "नाना, तोवर मी पुन्हा मुंढ्यावर पोचलेसुद्धा नव्हते!"

नाना बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि हसले, आणि हसता हसता दोन्ही हातांनी कानांवरची मशीनं धरली, पडू नयेत म्हणून. "अशी गिऱ्हाइकं होती आमच्याकडे," ते म्हणाले. "खूप होती." आणि डोळे पुसले. "मी उगीच इतके दिवस..." ठमीनं त्यांच्या केसांतली भिंतीची भुकटी झटकली, आणि खुर्चीत येऊन कात्री उचलली. बाही कापली. तोंड मिटून, अगदी जपून.

"का गं, थांबलीस?"

"बेसूर आहे ना."

"आहेच," नाना म्हणाले. "तुझ्या आईचंही असंच होतं. बोर्डावर काम कमी असलं की गुणगुणायची. पलीकडून यायचं मला. एक ओळ, तीसुद्धा धड नाही. अगदी हीच. मी काय सुरासाठी ऐकत होतो?"

आई गुणगुणायची हे ठमीला माहीत नव्हतं, आणि आपण गुणगुणतो हेही. ती ओळ आपल्याला कोणती येते ते तिनं आठवून पाहिलं, पण आठवेना. मग कात्री चालवली, आणि ती आपोआप आली. या वेळी तिनं तोंड उघडून, मोठ्यानं, होती तशी म्हटली.

"काय झालं?" आतून, दुसऱ्या चहाच्या भांड्यांच्या आवाजावरून नवरा ओरडला. "कोण रडतंय?"

"कोणी नाही हो," नानांनी तिच्या आधी उत्तर दिलं. "गातेय ती."